माशातला आणि पेंडीतला मॅलेकाइट ग्रीन कसा मोजावा

हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यातला कटला-रोहू कापला, मांस पांढरंशुभ्र दिसलं, म्हणून त्यात मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग नाही असं समजू नये. बुरशीवर मारलेला हा रंग माशाच्या अंगात शिरला की बिनरंगी ल्युको रूपात बदलतो आणि चरबीत महिनोन्‌महिने मुरून बसतो. म्हणून दोन्ही रूपं मोजायची. युरोपात 2022 पासून दोन्हींच्या बेरजेला 0.5 मायक्रोग्रॅम/किलो ही कारवाईची पातळी आहे.

नमुन्याची चिठ्ठी मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये, पण लिहा पेन्सिलीनं. बॉलपेनच्या शाईत याच कुळातला क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग असू शकतो. रंगपंचमीच्या आठवड्यात तर जास्तच जपावं, कारण हिरव्या रंगात मॅलेकाइट सापडतो. मासा फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवा. उजेडात रंग मोडतो.

खवले काढून कातडीसकट मांस वाटा. 2 ग्रॅम वाटण 50 मिलीच्या पॉलिप्रॉपिलीन नळीत घ्या. काचेला मॅलेकाइट चिकटतो. दोन्ही रूपांच्या ड्युटेरियमवाल्या (जड हायड्रोजन बसवलेल्या) मानकांचं 20 नॅनोग्रॅम/मिली द्रावण 100 मायक्रोलिटर सोडून 10 मिनिटं थांबा. मग हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड (9.5 ग्रॅम/लिटर) 0.5 मिली, अ‍ॅसिटोनायट्राइल 8 मिली, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट 1 ग्रॅम. 10 मिनिटं हलवून सेंट्रिफ्यूज करा. वरचा थर 50 अंशांवर नायट्रोजनखाली आटवा, पण खडखडीत सुकवू नका, उतारा (हाती परत येणारा रंग) घटतो. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (1 ग्रॅम/लिटर) घातलेल्या 0.8 मिली अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून गाळा. हे आम्ल नसेल तर ल्युको कुपीतच ऑक्सिडाइज होऊन हिरव्या रूपात मोजला जातो.

खरी कसोटी माशांच्या खाद्याची. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, मासळीची कुटी, सगळंच तेलकट आणि कोरडं. पाच पोत्यांतून घेऊन, ढीग चौथाई करत (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) दळा. 1 ग्रॅम दळणात मानकं आणि 3 मिली पाणी घालून 15 मिनिटं भिजू द्या. कोरड्या कोंड्यात द्रावक शिरतच नाही. हायड्रॉक्सिलअमाइन तेवढंच, पण अ‍ॅसिटोनायट्राइल 10 मिली, मॅग्नेशियम सल्फेट 4 ग्रॅम आणि मीठ 1 ग्रॅम. सल्फेट घालताच नळी तापते, म्हणून ती बर्फात धरा. वरचा थर उणे 20 अंशांवर दोन तास ठेवून थंडच फिरवा, तेल खाली बसतं. उरलेलं तेल धरायला सी-18 भुकटी 150 मिलिग्रॅम. अर्क हिरवट दिसतो म्हणून कार्बन टाकायचा मोह आवरा: हरितद्रव्याबरोबर मॅलेकाइटही त्यात अडकतो.

मोजणी LC-MS/MS यंत्रावर, म्हणजे अर्कातली द्रव्यं स्तंभात वेगळी करून त्यांच्या रेणूंचे तुकडे वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर: सी-18 स्तंभ, 0.1 टक्के फॉर्मिक आम्ल घातलेलं पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल. रेणूचं वजन→तुकड्यांचं वजन असं: मॅलेकाइटसाठी 329→313 आणि 208, ल्युकोसाठी 331→239 आणि 316. दोन्ही तुकड्यांचं गुणोत्तर मानकाशी जुळलं तरच सापडला म्हणावं. तुलनेसाठीचा मानकांचा आलेख 0.25, 0.5, 1, 2, 5 मायक्रोग्रॅम/किलोचा, माशाचा कोऱ्या (रंग नसलेल्या) माशात आणि पेंडीचा कोऱ्या पेंडीत. साध्या द्रावकातला आलेख पेंडीला लावला तर संकेत दबल्याचं कळतच नाही. कोरा नमुना म्हणून आणलेला मासा आधी चालवून बघा, तोही नेहमी कोरा नसतो.

आणि मॅलेकाइटच्या मानकाच्या बाटलीवर ऑक्झलेट (रंगाचा एक क्षार) लिहिलंय का ते वाचा. 100 मिलिग्रॅम ऑक्झलेटमध्ये रंगाचा कॅटायन (धनभारित भाग, म्हणजे खरा रंग) सुमारे 71 मिलिग्रॅमच असतो. ही दुरुस्ती विसरली की मॅलेकाइटचा प्रत्येक आकडा 40 टक्क्यांनी फुगतो, आणि आलेख मात्र सरळच्या सरळ दिसतो.