स्क्रीन आखण्याआधी समोरच्याचा हात बघा

मार्केट यार्डातल्या एका गूळ-भुसारच्या गाळ्यासाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं. पहिल्या सकाळी तिथले हिशेबनीस काका बसले, पार्टीचं नाव टाकलं, एन्टर दाबलं आणि अर्धवट बिल सेव्ह झालं. पुन्हा नाव, पुन्हा एन्टर, पुन्हा तेच. बाहेर टेम्पो उभा, हमाल खोळंबलेले. काका एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी जुनं बिलबुक पुढे ओढलं आणि हाताने बिल लिहायला घेतलं. ती स्क्रीन मी आखली होती.

काकांचा हात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बसलेला. टॅलीत एन्टर म्हणजे पुढच्या रकान्यात जा. सगळं भरून झालं की शेवटी ते घ्यायचं का म्हणून विचारतं. माझा हात ब्राउझरमधल्या फॉर्मवर बसलेला, तिथे एन्टर म्हणजे ‘पाठवा’. कळ एकच, घराणी दोन. तेव्हापासून नवं काम आलं की मी एका ठरावीक वाटेने जाते. तुम्हीही छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करत असाल, तर ती वाट उपयोगी पडेल.

डिझाइनचं काहीही उघडण्याआधी दोन-तीन तास गिऱ्हाइकाकडे जाऊन नुसते बसा. ‘तुम्हाला कसं हवंय?’ असं विचारू नका. बोटं काय करतात हे माणसाला सांगता येत नाही, करून मात्र दाखवता येतं. वहीत तीन रकाने पाडा: कोणती कळ दाबली, कशासाठी, आणि ही सवय कुठल्या सॉफ्टवेअरमधून आली असेल. काकांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहीत आलं ते असं: उजवा हात आकड्यांच्या पॅडवरून हलत नाही, डावा हात चिठ्ठ्या उलटतो. त्या पॅडवरचं एन्टर आपसूक बोटाखाली येतं, म्हणून तेच ‘पुढे’. विक्रीला एफ८, खरेदीला एफ९, पैसे दिले की एफ५, आले की एफ६. आमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालायचं आणि ब्राउझरात एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड. काकांनी सवयीने एफ५ दाबलं असतं, तर भरत असलेलं बिल पुसलं गेलं असतं. ती कळ आम्ही लगेच अडवली. अशी टक्कर ऑफिसात बसून सापडत नाही.

मग प्रत्येक सवयीचा माग काढा. हे काम मला सगळ्यात आवडतं. सवयी पसरायच्या वाटा फार नाहीत, आणि वाट कळली की ती सवय किती खोल गेली आहे याचा अंदाज येतो.

कधी माणूसच ती घेऊन जातो. कट-कॉपी-पेस्टचंच बघा. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट जिप्सी नावाच्या लेखन-प्रणालीवर काम करत होते, तिथे ही कल्पना आकाराला आली. १९८० मध्ये टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले आणि ती तिथल्या लिसा या संगणकात, पुढे मॅकिंटॉशमध्ये आली. झेड, एक्स, सी, व्ही या ओळीने असलेल्या कळा तिथल्याच. कधी नियमपुस्तिका ती पसरवते. आयबीएमने १९८७ मध्ये स्क्रीन आणि कळा कशा असाव्यात याचे आपले नियम काढले, त्यात पेस्टसाठी शिफ्ट आणि इन्सर्ट होतं. आजही विंडोजच्या नोटपॅडमध्ये त्या दोन कळा दाबा, मजकूर उमटतो. दोन्ही घराणी एकाच कीबोर्डवर अजून नांदताहेत.

आणि कधी, बहुतेक वेळा, वापरणाऱ्यांचा हातच ती घेऊन जातो. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या आकडेमोडीच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लॅश दाबला की मेन्यू यायचा. एक्सेलमध्ये रिकाम्या चौकटीत स्लॅश दाबून बघा: चिन्ह उमटत नाही, वरचा मेन्यू जागा होतो. लोटस गेलं तरी त्याच्या माणसांचे हात सांभाळायची ती सोय राहिली. बोरलँड कंपनीने तर आपल्या क्वाट्रो प्रो या तशाच सॉफ्टवेअरमध्ये लोटसचा सगळा मेन्यू पर्याय म्हणून ठेवला होता, लोकांना नव्याने शिकावं लागू नये आणि त्यांचे जुने मॅक्रो, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या माळा, चालावेत म्हणून. लोटसने खटला भरला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की मेन्यूतल्या आज्ञांची ती रचना म्हणजे काम करायची पद्धत, तिला कॉपीराइट लागू होत नाही. १९९६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी मतं पडली आणि तोच निकाल कायम राहिला. हा निकाल तिकडचा आहे, म्हणून कुणाची चिन्हं, रंग, चित्रं जशीच्या तशी उचलायला जाऊ नका. शंका असली तर वकिलाला विचारा. पण बोरलँडची युक्ती मी मनापासून घेतली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच दिवशी ‘टॅलीसारख्या कळा’ की ‘साध्या कळा’ हे निवडता येतं.

माग काढला की कारण हाती लागतं, आणि ते कारण तुमच्या स्क्रीनवर अजून लागू आहे का हे तपासा. यादी खाली ओढून ताजी करायची खूण लॉरेन ब्रिक्टर यांनी ट्वीटी या आयफोन अ‍ॅपमध्ये २००९ मध्ये आणली. तिथे नवं ते वर असायचं. अगदी वर पोचूनही यादी आणखी खाली ओढणं म्हणजे ‘अजून नवं काही आहे का’ हेच विचारणं. खतावणीत मात्र जुनी नोंद वर आणि नवी खाली असते. तिथे वरून ओढण्याला अर्थ नाही, म्हणून आम्ही ती खूण घेतली नाही. भरायच्या फॉर्मवर तर ती ठेवूच नका, अंगठा चुकून ओढला गेला की लिहिलेलं जातं.

घ्याल ते अर्थासकट घ्या. आमच्यातल्या एका मुलाने उधारी चुकती झाली की दोन टिक दाखवायचं सुचवलं. दिसायला छान होतं. पण व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्यांना शिकवून ठेवलंय: एक टिक गेला, दोन टिक पोचला, निळ्या झाल्या की वाचला. काकांनी दोन टिक बघून ‘बिल पार्टीला पोचलं’ असंच धरलं असतं आणि पैशाचा तगादा चालूच ठेवला असता. आम्ही सरळ ‘जमा’ असा शब्द लिहिला.

होय-नाहीच्या बटणांना वेगळा वेळ द्या. विंडोजमध्ये ‘ओके’ डावीकडे आणि ‘कॅन्सल’ उजवीकडे असतं, मॅकवर उलट. गिऱ्हाइकाच्या मशीनवर असेल तोच क्रम ठेवा, आणि बटणावर ‘ओके’ऐवजी ‘बिल रद्द करा’ असं कामच लिहा.

शेवटी पुन्हा तिथे जाऊन बसा, यावेळी न बोलता. बॅकस्पेस किती वेळा दाबलं आणि नजर किती वेळा कीबोर्डवर गेली, एवढंच मोजा. जिथे नजर खाली जाते तिथे तुमची स्क्रीन हाताशी भांडतेय. आणि पहिला आठवडा जुनं बिलबुक टेबलावरच राहू द्या, बाहेर टेम्पो उभा असतो.