एफपीजीएचे राउटिंग: मेटाह्युरिस्टिक कुठे वापरावे

एफपीजीएमध्ये, म्हणजे तयार झाल्यावरही हवे ते सर्किट बसवता येणाऱ्या चिपमध्ये, तारा आधीच बसवलेल्या असतात. कोणते स्विच जोडायचे एवढेच आपण ठरवतो (हेच राउटिंग), मात्र एका तारेवर दोन नेट (एकमेकांना जोडायच्या पिनांचे गट) येता कामा नयेत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला, तर सगळे मार्ग जेनेटिक अल्गोरिदमने (उत्तरांचा पिढ्यानपिढ्या संकर करून ती सुधारणाऱ्या मेटाह्युरिस्टिकने, म्हणजे ढोबळ शोधपद्धतीने) शोधण्याचा मोह आधी टाळावा. दोन बिनचूक राउटिंगचा संकर केला की बहुधा तुटलेले किंवा एकमेकांत अडकलेले मार्ग हाती येतात आणि वेळ दुरुस्तीतच जातो.

प्रथम चिपचा आलेख तयार करावा: तारेचे तुकडे आणि पिना हे बिंदू, स्विच या कडा. त्यावर मॅकमर्ची व एबेलिंग यांची 1995 ची पाथफाइंडर पद्धत चालवावी. तीत सुरुवातीला तारांवर गर्दी होऊ देतात आणि दर फेरीला गर्दीच्या तारेची किंमत वाढवत नेतात, त्यामुळे ज्या नेटला पर्याय आहे ती आपोआप बाजूला सरते.

मेटाह्युरिस्टिकची खरी जागा राउटिंगआधीच्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे सर्किटचा कोणता ब्लॉक चिपवर कुठे बसवायचा हे ठरवण्यात आहे. तापवलेला धातू सावकाश का थंड करायचा, हे उद्यमबागेतील फाउंड्री पाहिलेल्यांना सांगायला नको. 1983 साली कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सिम्युलेटेड ॲनीलिंग त्याच तत्त्वावर चालते. प्रत्येक नेटला वेढणाऱ्या आयताची अर्धी परिमिती ही किंमत धरावी आणि दोन ब्लॉकची अदलाबदल ही चाल. टोरंटो विद्यापीठाच्या व्हीपीआर या प्लेसमेंट-राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचे तापमान (किंमत वाढवणारी चालही स्वीकारण्याची मुभा ठरवणारा आकडा) किंमतीच्या प्रमाण विचलनाच्या 20 पट धरले गेले. स्वीकृत चालींचे प्रमाण 44 टक्क्यांजवळ राहावे म्हणून अदलाबदलीचे अंतर कमीजास्त करतात. ही युक्ती सोडू नये. 

मार्गदर्शकांचा राउटिंगचाच आग्रह असेल, तर नेट एकामागून एक टाकणाऱ्या साध्या राउटरसाठी त्यांचा क्रम तेवढा जेनेटिक अल्गोरिदमकडे द्यावा. प्रत्येक क्रम तपासताना राउटर पूर्ण चालवावा लागतो, म्हणून लोकसंख्या (एका पिढीतील क्रमांची संख्या) लहान ठेवावी.

निकालासाठी द्विभाजनाने किमान चॅनेल रुंदी (ब्लॉकांमधल्या पट्ट्यातील तारांची संख्या) शोधावी, नंतर ती 30 टक्के वाढवून क्रिटिकल पाथचा (सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या मार्गाचा) विलंब मोजावा. निरनिराळे रँडम सीड (यादृच्छिक निवडींचे सुरुवातीचे आकडे) घेऊन सरासरी द्यावी आणि पाथफाइंडरलाही तेवढाच संगणक-वेळ द्यावा.