परगावचे जुने रंधा मशीन घ्यायला निघण्याआधी

गेल्या वर्षी जूनच्या तोंडावर मी बेळगावच्या उद्यमबागेतून १२ इंची रंधा मशीन विकत घेतले, चोर्ला घाटातून पिकअपने फोंड्याला आणले आणि चार माणसांच्या मदतीने पडवीत उतरवले. दुसऱ्या दिवशी जोडणीसाठी आलेल्या वायरमनने मोटरीवरची पाटी वाचली आणि ही मोटर थ्री फेजची असल्याचे सांगितले. आमच्या घरी सिंगल फेजचा मीटर आहे. चतुर्थीपूर्वी घरचा देव्हारा नव्याने करण्याचा बेत तिथेच राहिला, आणि पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवलेल्या त्या मशीनच्या बिडाच्या टेबलावर गंजाचे चट्टे उठले. जाहिराती शोधण्यात मी तीन महिने घालवले होते. फेज विचारायला अर्धे मिनिट लागले असते.

म्हणून जाहिराती उघडण्यापूर्वी आपल्या घरचे वीज बिल समोर घ्यावे. जोडणी किती फेजची आणि मंजूर भार किती, हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. सिंगल फेज म्हणजे २३० व्होल्ट, थ्री फेज म्हणजे ४१५ व्होल्ट. कारखान्यातून बाहेर पडणारी जुनी मशीन बहुतेक थ्री फेजचीच असतात आणि आपण शोधतो तो माल कारखान्यांतूनच येतो, त्यामुळे विक्रेत्याने काही सांगितले नाही तर थ्री फेजच धरून चालावे.

शहरांची निवड अंतरावर ठरवावी. गोव्यातल्या जाहिरातींत हँड ड्रिल, ग्राइंडर, मार्बल कटर पुष्कळ मिळतात, पण बिडाची जड मशीन क्वचितच दिसतात. त्यासाठी बेळगाव, कोल्हापूर आणि हुबळी ही तीन शहरे आधी धुंडाळावीत. तिन्ही पुणे–बंगळूर महामार्गावर आहेत आणि बेळगाव मधोमध पडते. तिथून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर आणि हुबळी त्याहून थोडे जवळ, त्यामुळे बेळगावला मुक्काम करून दोन दिवसांत तिन्ही ठिकाणचा माल पाहता येतो. पुण्यात भोसरीकडे निवड मोठी आहे हे खरे, पण भाड्याचा आकडा किमतीत मिळवल्याशिवाय तिथला माल स्वस्त समजू नये. ओएलएक्स असो वा फेसबुक मार्केटप्लेस, प्रत्येक शहर स्वतंत्रपणे निवडून शोधावे, कारण आपले ठिकाण गोवा ठेवले तर घाटापलीकडचे फारसे काही समोर येत नाही.

शोधशब्दांवर मात्र मन लावून काम करावे. विकणारा कारागीर जे म्हणतो तेच लिहितो; कोणी रंधा लिहितो, कोणी रंदा, कोणी सरफेस, कोणी नुसतेच वुड मशीन. रंध्याला इंग्रजीत प्लेनर म्हणतात; ते लिहिताना कितीतरी जण एक एन जास्त घालतात आणि बॉश या कंपनीच्या नावातला सी गाळतात. अशा चुकीच्या स्पेलिंगांची जाहिरात फारशी कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून तिथे भाव करायला जागा असते. हुबळीच्या विक्रेत्याशी बोलताना कानडी येणारे कोणी जवळ असल्यास फार सोपे जाते.

फोनवर किमतीच्या आधी मोटरीच्या पाटीचा स्वच्छ फोटो मागावा. फेज, व्होल्ट, अश्वशक्ती हे सगळे त्या पाटीवर असते. पाटी रंगाखाली गेली असेल तर मोटरीच्या अंगावर कपॅसिटरचा उंचवटा आहे का ते विचारावे. तो असला तर मोटर बहुधा सिंगल फेजची असते. मशीन चालतानाचा व्हिडिओ पाहून समाधान मानू नये. मला आलेल्या व्हिडिओत मशीन उत्तम चालत होते, कारण त्या शेडमध्ये थ्री फेजची जोडणी होती. मशीन तिथे चालते यावरून ते आपल्याकडे चालेल असे ठरत नाही. थ्री फेजचेच घ्यायचे झाले तर मोटर बदलण्याचा किंवा व्हीएफडी (सिंगल फेजच्या जोडणीवर थ्री फेजची मोटर चालवणारे उपकरण) बसवण्याचा खर्च आपल्या वायरमनला ती पाटी दाखवून आधी काढावा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मागावी. पाटीचा फोटो आला नाही तर निघू नये. विक्रेता कितीही भला वाटला, दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याचे सांगू लागला, तरी निघू नये.

आगाऊ पैसे पाठवू नयेत. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआय पिन टाकावा लागत नाही. तसे करायला सांगणारा फसवतोच आहे. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

प्रत्यक्ष जागेवर टेबलावर सरळ पट्टी आडवी धरून मागून उजेड येतो का ते पाहावे, बेअरिंगचा आवाज ऐकावा, पाती बसवलेल्या ब्लॉकचे बोल्ट पाहावेत आणि पाटी पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. विक्रेत्याचे नाव, मशीनचा क्रमांक आणि किंमत असलेली सहीची पावती घ्यावी. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडचा ₹५०,००० वरचा माल असेल तर ई-वे बिलही (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा कागद) मागावे.

वाहतूक पावसाआधी उरकावी. टेबलाला ग्रीस, वर ताडपत्री, दोर पक्के. घरी उतरवल्यावर वायरमन आल्याशिवाय कुठलीही तार जोडू नये.