पहिली नोकरी कशी धरायची: चाकणमधल्या एका एचआरबाईकडून

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर बघते. भरती, पगारपत्रक, पीएफ, कँटीनमधल्या आमटीच्या तक्रारी, सगळं एकाच टेबलावर. निकाल लागले की बीई, बीकॉम, बीएस्सीवाल्यांचे रेझ्युमे येऊन पडायला लागतात आणि पाठोपाठ नातेवाइकांचे फोन: "आमच्या पोराचं तेवढं बघा की." दरवर्षी प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

आधी बाजाराचं. पोरगं आळशी आहे म्हणून घरी बसलंय, असं घरचे म्हणत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या भारतावरच्या २०२४ च्या अहवालात पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर २९.१ टक्के दिलाय, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये तो ३.४ टक्के आहे. आकडे २०२२ चे. ज्याच्याकडे शिक्षण नाही त्याला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, आणि घरचेही त्याला थांबवतात. त्यात आयटीचं दार अरुंद झालं. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं साठ हजारांहून जास्त कमी झाली. कॉलेजात येऊन वर्गच्या वर्ग उचलणाऱ्या त्याच या कंपन्या. मेकॅनिकल-सिव्हिलची जी मुलं पूर्वी आयटीत निघून जायची, ती आता आमच्या गेटवर आहेत. ट्रेनीच्या एका जागेला शे-दीडशे अर्ज येतात ते यामुळे.

म्हणून मोठ्या नावाची वाट बघू नका. पन्नास ते तीनशे माणसांच्या कंपन्या शोधा.

शोधायचं कुठं

मोठ्या कंपनीत तुमचा रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. आमच्याकडे मी वाचते आणि क्वालिटीचे किंवा स्टोअरचे साहेब वाचतात. निर्णय दोघांचा, तोही आठवड्याभरात. आणि आमच्या निम्म्या जागांची जाहिरातच निघत नाही. कुणी सोडून गेलं की मी आधी मेलबॉक्स उघडते, मग ओळखीत विचारते, अगदीच कुणी मिळालं नाही तर पोर्टलवर टाकते.

त्या मेलबॉक्समध्ये असायचं कसं? आपल्या भागातल्या उद्योग संघटनेच्या सभासद कंपन्यांची नावं काढा. पुण्यात मराठा चेंबर, नाशकात निमा, संभाजीनगरात सीएमआयए. त्यातून आपल्या शिक्षणाशी जुळणाऱ्या तीस-चाळीस कंपन्या निवडा आणि प्रत्येकीला वेगळा मेल करा. 'टू'मध्ये चाळीस पत्ते एकदम दिसणारा मेल मी उघडत नाही. विषयात पद, पदवी, पास झाल्याचं वर्ष आणि गाव एवढं पुरे. गाव यासाठी, की राजगुरुनगरचा मुलगा चाकणला टिकतो. दोन बस बदलून येणारा बहुधा दोन महिन्यांत कंटाळतो.

गेटवर रेझ्युमे द्यायला कमीपणा मानू नका. सातपूर, अंबड, वाळूज, शिरवळ, गोकुळ शिरगाव, कागल, बुटीबोरी, कुठंही जा, गेटबाहेरच्या फळ्यावर जागा लिहिलेल्या दिसतील. सिक्युरिटीवाल्या काकांशी नीट बोला. "मॅडम, तो पोरगा चांगला वाटला," असं सांगत त्यांनी आत आणून दिलेला कागद मी बाजूला ठेवत नाही.

वेळही साधा. दिवाळीचा बोनस हातात पडला की लोक नोकऱ्या बदलतात. एप्रिल-मेमध्ये पगारवाढीची पत्रं निघाली की पुन्हा. हे दोन हंगाम चुकवू नका.

अनुभवाची भिंत

"फ्रेशर नको म्हणतात, मग अनुभव आणायचा कुठून?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात आहे, फक्त अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, म्हटलं की लोकांना आयटीआयच आठवतं. पदवीधरांसाठीही अप्रेंटिसशिप असते. नॅट्स ही त्यासाठीची केंद्र सरकारची योजना, तिच्या पोर्टलवर नोंदणी फुकट होते. ती चालवणारं आपल्या भागासाठीचं मंडळ मुंबईत आहे. मुदत साधारण एक वर्ष. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं, आताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. कंपनीनं वरून जास्त द्यायला हरकत नाही. आमच्या पट्ट्यात बरेच जण देतात.

आता कंपनीच्या बाजूनं बघा. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या कंपनीला ते ऐच्छिक आहे. म्हणजे लहान मालकाकडे जाऊन तुम्ही म्हणू शकता, "सर, मला नॅट्सवर घ्या, निम्मं विद्यावेतन सरकार देतं." बऱ्याच लहान मालकांना हे माहीतच नसतं. जो मुलगा ते समजावून सांगेल, त्याला ते समोर बसवून चहा पाजतात.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. करार पोर्टलवर नोंदवलेला हवा. नोंद नसेल तर शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळत नाही, आणि अनुभव म्हणून चालतं ते प्रमाणपत्रच. दुसरं, मागच्या बॅचमधल्या किती जणांना कायम केलं, हे शॉपमधल्या, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्या, मुलांना विचारा. एचआरला विचारू नका. काही ठिकाणी दरवर्षी नवी बॅच आणि जुनी घरी, असाच कारभार चालतो. कायद्यानं अप्रेंटिसला नोकरी देण्याची सक्ती नाही. तरीही जिथं मशीनवर हात बसेल तिथं एक वर्ष घालवायला माझी हरकत नाही. नुसतं पार्ट मोजायला आणि ट्रॉली ढकलायला बसवत असतील तर तीन महिन्यांत दुसरं बघायला लागा.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. २०२४ मध्ये सुरू झाली, पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये. आधी सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवली. त्यात सरकारी कार्यालय आणि खासगी कंपनी यांत निवड करता आली तर कंपनी घ्या. तहसील कचेरीत बसून कायम होण्याची आशा लावून घेतलेली मुलं मी बघितलीत. मुदत संपल्यावर पुन्हा माझ्याकडेच आली, वर्षभर उशिरानं.

रेझ्युमे

एक पान. वर नाव, मोबाईल, गाव. 'चॅलेंजिंग ऑर्गनायझेशनमध्ये माझी स्किल्स वापरून ग्रोथ' वगैरे करिअर ऑब्जेक्टिव्ह काढून टाका, ते गेली पंधरा वर्षं सगळ्यांचं एकच आहे. वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, खालचं प्रतिज्ञापत्र, काहीही नको. फाईलला स्वतःचं नाव द्या. 'फायनल न्यू टू' या नावाच्या फायली माझ्याकडे ढिगानं आहेत.

आणि प्रोजेक्ट. चौघांच्या प्रोजेक्टात तुम्ही काय केलं, ते दोन ओळींत लिहा. "ऑटोमॅटिक सोलर ग्रास कटर" असं नुसतं शीर्षक वाचून मला काही कळत नाही. "फ्रेमचं ड्रॉइंग मी केलं, वेल्डिंग भोसरीत करून घेतलं, मोटर कमी ताकदीची निघाली म्हणून बदलली" असं लिहिणाऱ्याला मी नक्की बोलावते. प्रोजेक्ट विकत आणला असेल तर तो लिहूच नका. पहिल्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

कॉलेजच्या काळात वडिलांचं दुकान सांभाळलं असेल, दूध संघात हंगामी काम केलं असेल, गणपती मंडळाचे हिशेब ठेवले असतील तर ते लिहा. मुलं हे लपवतात आणि त्याऐवजी 'हॉबीज: रीडिंग' लिहितात.

खोटा अनुभव दाखवून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे प्रत्येकाच्या कायमच्या पीएफ नंबरवर, मागच्या सगळ्या नोकऱ्या तारखांसह दिसतात. माझ्यासारखीला ते तपासायला चहाचा कपही संपवावा लागत नाही.

फोन आला की

अनोळखी नंबर उचला. "कोण बोलतंय?" असं दरडावून विचारू नका. मी गावाकडची आहे, मला राग येत नाही, पण आमच्या प्लांट हेडना येतो. कंपनीचं नाव कळलं नाही तर पुन्हा विचारा आणि लिहून घ्या. "पत्ता व्हॉट्सअ‍ॅप करा" म्हणून मग न येणारे इतके असतात, की येतो म्हणून खरंच आलेल्याचे अर्धे गुण तिथंच होतात.

मुलाखत

कंपनी काय बनवते ते बघून या. वेबसाईटवर पाच मिनिटांचं काम आहे, तरी दहातले सात जण करत नाहीत. मेकॅनिकलवाल्याच्या हातात आमचे साहेब व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) देतात आणि माप वाचायला सांगतात. बीकॉमवाल्याला मी विचारते, जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील देणारं जीएसटी रिटर्न) भरायची तारीख कोणती आणि ३-बी ची (कर भरायच्या रिटर्नची) कोणती. दरमहा भरणाऱ्यांसाठी ११ आणि २०. ज्यानं सीएच्या ऑफिसात सहा महिने तरी काढलेत त्याला हे झोपेतही सांगता येतं. बीकॉमच्या मुलांनो, तिथं पैसे कमी मिळतात, बोलणी भरपूर मिळतात, पण टॅली आणि रिटर्न शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

इंग्रजीचा बाऊ नको. शॉपमध्ये मराठी आणि हिंदी चालते. पण ग्राहकाला पाच ओळींचा मेल इंग्रजीत लिहिता आला पाहिजे: माल कधी निघाला, कुठं अडकलाय, कधी पोहोचेल. मी तो तिथंच बसवून लिहून घेते. घरी रोज एक लिहा.

एमपीएससीत दोन-तीन वर्षं गेली असतील तर सरळ सांगा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढलेली वर्षं लपवायला कुणी 'फॅमिली बिझनेस' लिहिलं की मला वाईट वाटतं. ती मुलं कायद्याचा मजकूर न घाबरता वाचतात, अर्ज नीट लिहितात. ॲडमिन, स्टोअर, कामगार कायद्यांची रजिस्टरं या कामांना मला अशीच माणसं लागतात. फक्त एक विचारलं जाणारच: पुढची परीक्षा देणार का? खरं उत्तर द्या. "देणार, पण रजा टाकून" हे मला चालतं.

पैसे मागितले तर

उठा आणि निघा. एजन्सीला पैसे कंपनी देते. वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा बाजारातला नेहमीचा हिशेब. मग तुमच्याकडून 'रजिस्ट्रेशन', 'युनिफॉर्म डिपॉझिट', 'लॅपटॉप सिक्युरिटी' कशाची? गरजवंताला अक्कल नसते हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. पैसे ऑनलाईन गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाला कोर्स कर्जावर घेण्याआधी मागच्या बॅचमधल्या तिघांशी स्वतः बोला, क्लासवाल्यांनी गाठ घालून दिलेल्यांशी नव्हे.

सही करण्याआधी

तीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असं धरून खोली बघू नका. समजा बेसिक १२,५०० आहे. त्यावर कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० आधीच त्या पंचवीस हजारांत धरलेले असतात. राहिले २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की २१,२०० उरतात. बाईला महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे तिला २१,४००. पॅकेजमध्ये 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, धरला असेल तर आणखी कमी. हे मला विचारायला लाजू नका, मी कागदावर मांडून देते. जी एचआर मांडून देत नाही तिथं दोनदा विचार करा.

बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, असेल तर रक्कम, मुदत आणि कंपनी कोणतं ट्रेनिंग देणार हे वाचा. "बाँड कोर्टात टिकत नाही" या मित्राच्या सल्ल्यावर सही करू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय. मूळ मार्कशीट आणि कोरा चेक मात्र कुणालाही द्यायचा नाही; मार्कशीट दाखवून परत घ्यायची, झेरॉक्स द्यायची. नियुक्तीपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ते प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे.

रुजू झाल्यावर

अप्रेंटिस असेपर्यंत पीएफ कापला जात नाही. पहिल्या खऱ्या नोकरीत तो सुरू होतो, तेव्हा यूएएन सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढायचा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते बघायचं. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्यांना केंद्राच्या योजनेतून एका महिन्याच्या पगाराइतके, जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात. पगार महिना एक लाखापर्यंत असला पाहिजे. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्ष पुरं झाल्यावर. दुसऱ्यासाठी पैशांच्या व्यवहाराचं एक छोटं ऑनलाईन प्रशिक्षण करावं लागतं. पाचव्या महिन्यात नोकरी सोडायची इच्छा झाली तर हे लक्षात ठेवा.

पगाराची स्लिप दर महिन्याला स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, कंपनीच्या मेलवर नको. सोडताना तो बंद होतो. आणि सोडायचंच ठरलं तर नोटीस देऊन, रिलीव्हिंग लेटर (कंपनीनं रीतसर मोकळं केल्याचं पत्र) हातात घेऊनच निघा. पुढच्या कंपनीतली माझ्यासारखी बाई सगळ्यात आधी तेच मागते.