बिळात राहणारे समुद्रपक्षी कसे मोजावेत

वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत असलेल्या स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या असल्याचे २०१८ च्या गणनेत आढळले. परंतु भर दुपारी बेटावर उतरणाऱ्याला त्यांतील एकही पक्षी बहुधा दिसत नाही. जोडीतील एक पक्षी बिळात एकुलते एक अंडे उबवत असतो, दुसरा समुद्रावर असतो, आणि जमिनीवर धड चालता न येणाऱ्या या पक्ष्यांना मोठे कुरव सहज मारत असल्यामुळे त्यांची ये-जा रात्रीच्या अंधारातच होते. अशा पक्ष्यांची गणना ध्वनिमुद्रित हाकेच्या साहाय्याने करावी लागते.

बेटावर जाण्यापूर्वी सर्व सामान बंद खोलीत उघडून तपासावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यांत भरावे, कारण सामानातून गेलेले उंदीर पूर्ण वसाहत संपवू शकतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळील लंडी बेटावर २००१ मध्ये या पक्ष्याच्या जेमतेम तीनशे जोड्या उरल्या होत्या. २००२ ते २००४ या काळात तेथील उंदरांचे निर्मूलन झाल्यावर २०१७-१८ पर्यंत ती संख्या पाच हजारांवर गेली. बेटावर पोहोचल्यावर आखलेली पायवाट सोडू नये. जेथे सोडावीच लागेल, तेथे जमीन बिळांनी पोखरलेली असते हे लक्षात ठेवून वजन विभागण्यासाठी फळ्या वापराव्यात, आणि तरीही एखाद्या बिळाचे छत खचलेच, तर आत पडलेली माती हाताने काढून वर सपाट दगड किंवा गवताचा ढेकूळ ठेवून छताला पडलेले भोक त्याच क्षणी झाकावे.

गणना मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, बहुतेक जोड्या अंड्यावर असताना, दिवसा करावी. बेटाच्या सर्व प्रकारच्या भूभागांत यादृच्छिक पद्धतीने जागा ठरवाव्यात. जेथे बिळे दाट दिसतात तेथेच मोजण्याचा मोह आवरावा. खुंटीला बांधलेल्या ठरावीक लांबीच्या दोरीने वर्तुळ आखून त्यातील प्रत्येक बिळाच्या तोंडाशी अर्धा मिनिट हाक वाजवावी. आतून घोगरे, धाप लागल्यासारखे उत्तर आले, तर बीळ वसलेले आहे असे नोंदवावे.

यापुढचा टप्पा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि घाईत नेमका तोच टाळला जातो. आत असलेला प्रत्येक पक्षी उत्तर देत नाही. नर मुख्यतः नराच्या हाकेला आणि मादी मादीच्या हाकेला प्रतिसाद देते. अंड्यावर दोघे पाळीपाळीने बसत असल्याने केवळ नराची हाक वाजवल्यास मादी असलेली बिळे मोठ्या प्रमाणात सुटतात. म्हणून दोघांच्या हाका असलेले ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि तपासणीसाठी वरून झाकण बसवलेल्या बिळांपैकी ज्यांत पक्षी अंड्यावर असल्याची खात्री आहे, अशा बिळांवर त्याच मुद्रणाने सलग काही दिवस चाचणी घ्यावी. अशा १०० बिळांतून सरासरी ५० उत्तरे आली, तर क्षेत्रातील उत्तरांच्या संख्येला २ ने गुणावे. हा गुणक वर्षागणिक आणि बेटागणिक बदलतो. दुसऱ्याचा उसना घेतल्यास गणनेला अर्थ राहत नाही.

ही पद्धत उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना लागू करू नये. आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांवर सुरय घरटी करतात. तेथे माणूस रेंगाळला, तर पालक पक्षी उडून जातात आणि अंडी कोकणच्या उन्हात उघडी पडतात. त्यांची गणना होडीतून करणे योग्य ठरते.

नोंदवहीत प्रत्येक वर्तुळाचे स्थान, वेळ, वाऱ्याचा जोर, वापरलेले मुद्रण आणि ऐकणाऱ्याचे नाव लिहावे. अंतिम अहवालात एकच आकडा न देता संभाव्य किमान आणि कमाल संख्या द्यावी, आणि गुणाकारापूर्वीचे मूळ आकडेही जोडावेत, म्हणजे दहा वर्षांनी त्या बेटावर येणाऱ्या संशोधकाला आपली गणना स्वतःच्या गणनेशी ताडून पाहता येईल.