स्पॅनिश क्रियापद फोडायचं कसं आणि जोर द्यायचा कुठे?

‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो. ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला. देवनागरीत दोन्ही सारखेच, पण पहिल्यात जोर ‘आ’वर आहे, दुसऱ्यात ‘ब्लो’वर. मराठीत जोर बदलून काळ बदलत नाही, म्हणून आपण इथे हमखास गडबडतो.

आधी अक्षरं तोडा. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं: को-मे-मोस. व्यंजनं दोन असली तर वाटून घ्यायची: कान-तो. ब्ल, ब्र, त्र अशा जोड्या मात्र फोडायच्या नाहीत: आ-ब्लो. आ, ए, ओ शेजारी आले तर वेगळे राहतात (ले-ओ, मी वाचतो). जोर नसलेले इ आणि उ त्यांना चिकटतात.

मग जोर शोधा. शब्द स्वर, एन किंवा एसवर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, इतर व्यंजनावर संपला तर शेवटच्या: आ-ब्लार. हा नियम मोडतो तिथे स्वरावर तिरपी रेघ देतात. वरच्या दुसऱ्या ‘आब्लो’च्या ‘ओ’वर ती असते. रेघ दिसली की नियम विसरायचा.

आता प्रत्यय सोलून काढा. आब्लाबामोस, म्हणजे ‘आम्ही बोलत असू’: आब्ल हा धातू, आ हा त्याच्या गणाचा (आर, एर, ईर या शेवटांवरून पडणाऱ्या गटाचा) स्वर, बा काळाचा, मोस ‘आम्ही’चा. ‘बोलेन’मध्ये जसा ‘मी’ वेगळा सांगावा लागत नाही, तसंच हे.

खरी गंमत पुढे आहे. पेन्सार, म्हणजे विचार करणे. याची वर्तमानकाळाची रूपं: प्येन्सो, प्येन्सास, प्येन्सा, पण पेन्सामोस, पेन्साइस, आणि पुन्हा प्येन्सान. पुस्तकं याला अनियमित म्हणून पाठ करायला लावतात, ते मला पटत नाही. जोर धातूवर आला की ‘ए’चा ‘ये’ होतो; प्रत्ययावर सरकला की ‘ए’ जागच्या जागी. दोर्मीर (झोपणे) तसंच: द्वेर्मो, पण दोर्मीमोस. अर्थात सगळीच क्रियापदं अशी वागत नाहीत. कोमेरचं (खाणे) सरळ कोमो होतं.

पडताळा हवा तर अर्जेंटिनाची बोली ऐका. तिथे ‘तू’साठी वोस म्हणतात आणि जोर शेवटी देतात, म्हणून स्पेनमधला ‘तू प्येन्सास’ तिथे ‘वोस पेन्सास’ होतो.

सर्वनामं शेपटीला जोडली तरी जोर हलत नाही. दी (सांग), मे (मला), लो (ते) मिळून दीमेलो. जोर ‘दी’वरच, फक्त आता तिथे रेघ द्यावी लागते.