एक मीटरच्या बोटीसाठी एअरब्रश : निवड, हवा आणि रंगाचे हात

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारे हातातले अवजार. त्याविषयी जे मार्गदर्शन सहज वाचायला मिळते, ते बहुतेक विमानांच्या आणि रणगाड्यांच्या प्लास्टिक प्रतिकृती करणाऱ्यांनी लिहिलेले असते. तळहातावर मावणाऱ्या त्या प्रतिकृतींवर केसासारख्या बारीक रेषा काढायच्या असतात, त्यामुळे ही मंडळी ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या नोझलची, म्हणजे रंग बाहेर पडणाऱ्या तोंडाची, शिफारस करतात आणि त्यांच्या कामापुरती ती योग्यही असते. बोटीच्या प्रतिकृतीची गरज मात्र जवळजवळ उलट आहे. कोकणातील १५ मीटर लांबीच्या मासेमारी ट्रॉलरची १:१५ प्रमाणातील प्रतिकृती एक मीटर लांब होते, तिची रुंदी ३० सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत तिची बाजू एका सलग, कुठेही न तुटणाऱ्या बाकात जाते. विमानावर पत्र्यांच्या सांध्यांपाशी रंगाचा जोड लपवता येतो. बोटीच्या बाजूवर तो लपवायला जागाच नसते.

थोडा हिशेब केला की मुद्दा स्पष्ट होतो. अशा बोटीच्या बाहेरील अंगाचे क्षेत्रफळ साधारण ०.४ चौरस मीटर भरते. त्यावर ओल्या रंगाचा ३० मायक्रॉनचा थर द्यायचा तर १२ मिलिलिटर रंग अंगावर राहायला हवा; फवाऱ्यातला बराचसा भाग आजूबाजूला उडून जातो, हे लक्षात घेता एका हाताला २० ते २५ मिलिलिटर पातळ केलेला रंग लागतो. बारीक कामाच्या एअरब्रशची रंगाची वाटी सात ते नऊ मिलिलिटरची असते. म्हणजे एका हातात ती तीनदा भरावी लागणार, आणि प्रत्येक वेळी ती भरेपर्यंत आधी मारलेल्या पट्ट्याची कड सुकून जाणार. पुढचा पट्टा त्या सुक्या कडेवर बसला की उन्हात तिरके पाहिल्यावर जोड डोळ्यांत भरतो.

म्हणून बोटीसाठी पहिला आणि एकच एअरब्रश घ्यायचा असेल, तर तो ०.५ मिलिमीटरच्या आसपासच्या नोझलचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात रंग खालून लावलेल्या बाटलीतून वर ओढला जाणारा प्रकार मोठ्या अंगासाठी सोयीचा असतो, कारण बाटली मोठी असते आणि रंग बदलताना बाटलीच बदलता येते; इवाताचा एक्लिप्स बीसीएस हा या प्रकारातला ०.५ मिलिमीटरचा परिचित नमुना आहे. वरून वाटी असलेल्या प्रकारात रंग स्वतःच्या वजनाने उतरतो, त्यामुळे तो कमी दाबावर चालतो, साफ करायला सोपा असतो आणि रंगही कमी वाया जातो. बॅजरचा पॅट्रियट १०५ त्या गटातला आहे. केबिन, डोलकाठी, कप्प्या, जाळी ओढण्याचा विंच अशी सुटी कामे भरपूर असतील तर वाटीचा प्रकार घ्यावा. पण मग बोटीचे अंग रंगवण्यापूर्वी सगळा रंग एका बरणीत आधीच कालवून ठेवावा आणि वाटी भरण्यासाठी नेहमी बाजूच्या टोकापाशी थांबावे, मध्यावर कधीही थांबू नये.

दुसरा प्रश्न ट्रिगरचा. सिंगल अॅक्शन प्रकारात ट्रिगर दाबला की ठरावीक प्रमाणात रंग येतो आणि ते प्रमाण स्क्रू फिरवून आधी लावावे लागते. डबल अॅक्शनमध्ये ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग येतो. सपाट, एकसारखा थर देण्यासाठी सिंगल अॅक्शन मुळीच कमी दर्जाचा नाही. पाशेचा एच किंवा बॅजरचा ३५० ही साधी, जवळजवळ न बिघडणारी अवजारे आहेत, आणि त्यांत हवा व रंग नोझलच्या बाहेर मिसळत असल्याने साफसफाईही चटकन होते. फवारा थोडा भरड येतो, एवढाच त्यांचा दोष. तरीही गंजाचे ओघळ, धुराड्याची काजळी, दोरखंड घासून झिजलेल्या कडा असले काम पुढे करायचे मनात असेल तर डबल अॅक्शन शिकून घ्यावा. हाताला वळण लागायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

बाजारात अगदी स्वस्त, नाव नसलेले एअरब्रशही मिळतात. त्यांतले काही चांगले चालतात, हे मी नाकारत नाही. परंतु विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : याची सुई आणि नोझल सुटी मिळते का? सुई नोझलमधून किती रंग यावा ते ठरवते; ही दोन्ही झिजणारी आणि वाकणारी अंगे आहेत, आणि ती सुटी मिळत नसतील तर पहिल्या अपघातानंतर सबंध अवजार टाकून द्यावे लागते.

एअरब्रशवर जितका विचार केला जातो तितका हवेवर केला जात नाही, आणि माझ्या अनुभवात नव्या माणसाच्या दहातल्या सात तक्रारींचे मूळ हवेतच सापडते. टाकी नसलेल्या छोट्या कॉम्प्रेसरची हवा पिस्टनच्या ठोक्याबरोबर थरथरते आणि ती थरथर लांब पट्ट्यावर उमटते. निदान तीन लिटरची टाकी, दाब ठरावीक मर्यादेला पोहोचताच आपोआप बंद होणारा स्विच, दाब कमी-जास्त करण्याचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर या चार गोष्टी कॉम्प्रेसरसोबत हव्यातच. ज्यांच्याकडे सुतारकामाचा २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे, त्यांनी दुसरा घेण्याची घाई करू नये. तो आवाज फार करतो, पण टाकी आठ बार दाबापर्यंत भरून बंद केली तर दोन बारवर येईपर्यंत सुमारे १४४ लिटर मोकळी हवा मिळते, आणि मिनिटाला १५ लिटर खाणारा एअरब्रश त्यावर नऊ-दहा मिनिटे चालतो. चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्याने दुपारी टाकी भरून रात्री शांतपणे रंग मारावा, शेजाऱ्यांशी संबंध बिघडत नाहीत.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून कॉम्प्रेसर मागवण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिथली मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी असते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, पण आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती मोटर संथ फिरते आणि अधिक तापते. एअरब्रश मात्र खुशाल मागवावा, फक्त नळीचे आटे तपासून घ्यावेत. बहुतेक कंपन्या एक अष्टमांश इंचाचा आटा वापरतात, बॅजर आणि पाशे यांचे आटे निराळे असतात, आणि त्यांच्यासाठी छोटा जोडतुकडा वेगळा घ्यावा लागतो.

किनारपट्टीवर राहणाऱ्यांना पाण्याचा त्रास सर्वाधिक होतो. दाबली गेलेली हवा कॉम्प्रेसरमध्ये तापते, नळीतून येताना थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंब होऊन बसते. कॉम्प्रेसरला चिकटून असलेल्या फिल्टरला ही हवा अजून गरम असतानाच भेटते, म्हणून पाणी त्याला चकवून पुढे जाते. नळी तीन मीटर लांब ठेवावी आणि दुसरा छोटा फिल्टर एअरब्रशच्या मुठीजवळ बसवावा. टाकीच्या तळाची तोटी दर बैठकीनंतर उघडून पाणी काढून टाकावे. हे न केल्यामुळे माझ्या पहिल्या बोटीच्या पांढऱ्या बाजूवर एका फुसकाऱ्यासरशी पाण्याचा ठिपका उडाला आणि तो सबंध पट्टा घासून पुन्हा रंगवावा लागला.

यात एक गमतीची अडचण आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैत, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि एरवी पाण्याखाली असलेला बोटींचा तळ, पठाण (तळाचा लांब कणा), पंखा, सुकाणू हे सारे किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या बोटींत याच काळात नीट पाहता येते. रंगांची छायाचित्रे घेण्याचा हा सर्वोत्तम हंगाम, आणि रंग मारण्याचा सर्वांत वाईट. दमट हवेत लॅकर (तीव्र थिनरमधला, झटपट सुकणारा रंग) मारला तर उडून जाणारे थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, पृष्ठभाग थंड करते, त्यावर बाष्प धरते आणि रंग पांढुरका पडतो. पावसाळ्यात पाहावे, मोजावे, लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून घासावे. रंगकाम दसऱ्यानंतर हाती घ्यावे.

रंगांबाबत नवशिक्याने पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिकने सुरुवात करावी. चित्रकलेच्या नळीतले रंग स्वस्त असतात, पण ते ब्रशसाठी बनवलेले असल्याने नोझलमध्ये अडकतात. प्रतिकृतींसाठीचे, एअरब्रशला चालतील असे पातळ रंग घेणे शेवटी स्वस्त पडते. एका कंपनीच्या रंगात दुसरीचे थिनर ओतू नये. काही अॅक्रिलिक स्पिरिटवर आधारलेले असतात, काही निव्वळ पाण्यावर, आणि पाण्याच्या रंगात स्पिरिट पडले की त्याची दह्यासारखी गुठळी होते. रंग किती पातळ असावा याची खूण दुधाची आहे : कपाच्या आतल्या बाजूवर चढवलेला रंग सायीशिवायच्या दुधासारखा, मागे पातळ पडदा ठेवत खाली उतरला पाहिजे. ०.५ च्या नोझलला तो किंचित दाट असला तरी चालतो. पाण्यात प्रत्यक्ष चालणाऱ्या बोटीला वरून टिकाऊ पारदर्शक थर हवा, आणि इथे मोटारगाड्यांच्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनची आठवण होते. ते घरात मारू नये. त्याच्या हार्डनरमधील (थर कडक करणाऱ्या भागातील) आयसोसायनेट हे रसायन श्वासातून गेले तर दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो, आणि त्यासाठी साधा मास्क पुरत नाही. लॅकर मारायचा असेल तर सेंद्रिय वाफांसाठीचे डबे बसवलेला मास्क, बाहेर हवा फेकणारा पंखा आणि जवळपास देवघरातला दिवादेखील नाही, एवढी व्यवस्था हवी. पाण्याच्या अॅक्रिलिकलाही बारीक कणांचा मास्क लावावाच.

प्रायमर मी डब्यातल्या स्प्रेने मारतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. वाचलेला वेळ घासण्यात घालवावा. करड्या प्रायमरचा पहिला हात हा रंग नसून तपासणी असते, कारण लाकडाचे रेषे, लांबीचे खड्डे, फळ्यांमधल्या भेगा तो निर्दयपणे दाखवतो. ते भरून ४०० आणि मग ६०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे आणि दुसरा हात द्यावा.

बोटीला हात लावण्यापूर्वी दोन लिटरच्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीवर सराव करावा. तिचा बाक बोटीच्या बाजूशी बराच जुळतो. वाटीच्या एअरब्रशला १८ ते २० आणि खालच्या बाटलीच्या प्रकाराला २५ ते ३० पीएसआय (बारसारखेच दाबाचे एकक) दाब ठेवून सुरुवात करावी. दाब लावताना ट्रिगर दाबून हवा वाहती ठेवावी, कारण थांबलेल्या हवेत काटा जास्त दाब दाखवतो. अंतर १० ते १५ सेंटिमीटर. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग, मग हवा. प्रत्येक पट्टा बोटीच्या बाहेर सुरू व्हावा आणि बाहेरच संपावा, आणि पुढच्या पट्ट्याने मागचा निम्मा झाकावा. मनगट वळवायचे नाही, खांद्यापासून सबंध हात सरकवायचा. मनगट वळले की नोझल कमानीत फिरते, आणि मध्यभागी रंग साचून टोके उपाशी राहतात. नाळेची अरुंद कड, पठाण आणि सुकाणूमागची खाच आधी हलक्या फवाऱ्याने भरून घ्यावी, मग मोठ्या बाजूला हात घालावा. पहिला हात इतका विरळ असावा की प्रायमर दिसत राहील. तिसऱ्या-चौथ्या हाताला झाकणी पूर्ण झाली तरी काही बिघडत नाही. रंग खरखरीत बसत असेल तर तो हवेतच सुकतो आहे, तेव्हा जवळ यावे किंवा सुकणे लांबवणारा द्रव घालावा. कोळी किड्याच्या पायांसारखे फाटे फुटत असतील तर रंग फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे. ओघळ आलाच तर ओल्या रंगाला बोट लावू नये, पूर्ण सुकू द्यावा आणि घासावा.

जलरेषा हा बोटीच्या रंगकामाचा प्राण आहे, आणि ती फुटपट्टीने आखता येत नाही. बोट चालणारी असेल तर बॅटरी आणि वजने ठेवून ती टबमध्ये तरंगवावी आणि पुढे, मागे व मध्ये पाण्याची पातळी खुणावून घ्यावी. मग सपाट टेबलावर त्याच कलाने बोट टेकवून, लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून, तो ठोकळा टेबलावरून बोटीभोवती फिरवावा. पेन्सिल आपोआप खरी रेषा काढते, जरी ती फुगीर नाळेवर वाकडी वाटली तरी. त्या वाटण्याला भुलून मी एकदा रेषा ‘सरळ’ केली होती आणि पाण्यात बोट नाकावर पडल्यासारखी दिसू लागली.

फिका रंग आधी मारावा. वरची बाजू पांढरी आणि तळ तांबडा असेल तर सबंध अंग पांढरे करून, दोन दिवस सुकू देऊन, मग पांढरा भाग झाकावा. तांबड्यावर पांढरा चढवायला दुप्पट हात लागतात. कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंदीची, वळणारी प्लास्टिकची टेप लावावी, कारण कागदी टेप नाळेच्या बाकावर सुरकुततेच. रुंद कागदी टेप आणि वर्तमानपत्र तिच्या मागे. टेपच्या कडेवर आधी पुन्हा पांढऱ्याचाच पातळ फवारा द्यावा. फटीत शिरायचा तो पांढराच शिरतो, आणि मागून येणाऱ्या तांबड्याला वाट उरत नाही. आता बोट उलटी ठेवून तांबडा मारावा, फवाऱ्याचा रोख टेपवरून तळाकडे ठेवून, उलट कधीही नाही. रंग बोटाला चिकटेनासा झाला, पण अजून कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच दुमडत हळू ओढावी.

एवढे झाल्यावर थकवा येतो आणि एअरब्रश तसाच राहून जातो. अॅक्रिलिक अर्ध्या तासात नोझलमध्ये दगड होते. वाटी पुसावी, साफ करण्याचा द्रव घालावा, नोझलवर कापड धरून हवा उलटी बुडबुडू द्यावी, आणि द्रव स्वच्छ येईपर्यंत हे करावे. सबंध एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये, आतल्या रबरी कड्या फुगतात. नोझलमध्ये तार घालू नये. बारीक आट्यांची नोझल पान्याने आवळताना दोन बोटांचाच जोर लावावा. सुई मागून काढून पुसावी आणि तिचे टोक नखावरून हलके फिरवावे. नखावर ओरखडा उठला तर टोक वाकले आहे. किंचित वाकलेले टोक १५०० क्रमांकाच्या ओल्या पेपरवर सुई फिरवत ओढले की सरळ होते. नोझलचे तोंडच फाटले असेल तर मात्र ती बदलण्यावाचून इलाज नाही.